दैनंदिन आरोग्य-नोंदी आणि एआय सहायक : परिचय व विवेक

बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या नातेवाइकांच्या हाती पूर्वी रक्त-लघवीच्या तपासण्यांचे कागद, एक्स-रेचे पाकीट आणि जुना केसपेपर एवढेच असे. अलीकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. मनगटावरील घड्याळाने किंवा बोटातील अंगठीने टिपलेल्या नोंदी आणि त्यांवर मोबाइलमधील एआय सहायकाने लिहून दिलेला अभिप्राय, हेही आता डॉक्टरांपुढे ठेवले जाते. “आईची झोप महिनाभरात निम्म्यावर आली, असे हा सांगतो, ते खरे मानावे काय?” असा प्रश्न नातेवाईक विचारतात. दुसरीकडे, अशी उपकरणे गरजू रुग्णांना देणगीतून देता येतील काय, अशी विचारणा काही हितचिंतक करतात. दोन्ही प्रश्नांमागे रुग्णाविषयीची कळकळ आहे. म्हणूनच या साधनांचे कार्य कसे चालते, त्यांवर कितपत विसंबावे आणि रुग्णसेवेत त्यांचे स्थान कोणते, याची सर्वसामान्य वाचकास कल्पना यावी, या हेतूने प्रस्तुत लेख या अहवालात समाविष्ट केला आहे.

नोंदी येतात कोठून?

चालणे मोजण्याची हौस नवी नाही. १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचे पावले मोजणारे छोटे यंत्र विक्रीस आले. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. आज घरोघरी सांगितला जाणारा दहा हजार पावलांचा दंडक मुळात या यंत्राच्या नावातून रुजला. तो कोणा वैद्यकीय संशोधनाचा निष्कर्ष नव्हता. पुढे २००९ साली फिटबिट कंपनीचे पहिले उपकरण आले. २०१४ साली ॲपल कंपनीने आपल्या फोनमध्ये आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवण्याची सोय केली. फिनलंडमधील ओरा कंपनीने तर हेच काम बोटातील अंगठीकडून करून घेतले.

या उपकरणांच्या आतील बाजूस बारीक दिवे असतात. त्यांचा प्रकाश त्वचेतून आत जातो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील रक्त कमी-अधिक होते, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो. त्या बदलावरून नाडीचे ठोके मोजले जातात. हालचाल टिपणारा दुसरा एक घटक पावले व कूस बदलणे यांची नोंद ठेवतो. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर हृदयाचे दिवसाचे ठोके १ लाख ३ हजार ६८० होतात. एवढ्या नोंदी माणसाने वाचणे अशक्य. म्हणून कंपनीचा संगणक त्यांचा रोजचा गोषवारा तयार करतो. त्यात पावले, झोपेची वेळ, विश्रांतीच्या स्थितीतील नाडी आणि बहुधा शंभरपैकी एक गुणांक असतो.

सहायकाला ही माहिती मिळते कशी?

येथे रुग्णालयातीलच एक परिचित उदाहरण घेऊ. डॉक्टरांना एखाद्या रुग्णाचा जुना केसपेपर हवा असतो, तेव्हा ते स्वतः रेकॉर्ड रूममध्ये जाऊन कपाटे धुंडाळत नाहीत. ते चिठ्ठीवर रुग्णाचा नोंदणी क्रमांक व वर्ष लिहितात. तेथील कर्मचारी चिठ्ठी पाहतो, ती योग्य व्यक्तीची आहे याची खातरजमा करतो आणि नेमका तेवढाच कागद आणून देतो. कागदाचा अर्थ लावणे हे त्याचे काम नव्हे.

एआय सहायकाला आपल्या आजच्या प्रकृतीविषयी स्वतःहून काहीच ठाऊक नसते. पुस्तकी ज्ञान त्याच्यापाशी अफाट असले, तरी काल रात्री आपण किती वेळ झोपलो, हे त्याला कोणी तरी आणून द्यावे लागते. हे आणून देण्याचे काम करणाऱ्या लहान प्रोग्रामांना ‘टूल’ म्हणतात. रेकॉर्ड रूममधील कर्मचाऱ्याची भूमिका ती हीच. पूर्वी प्रत्येक सहायकासाठी आणि प्रत्येक उपकरणासाठी असा दुवा निरनिराळ्या पद्धतीने तयार करावा लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या अमेरिकन कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, संक्षेपाने एमसीपी, ही सर्वांना खुली असलेली पद्धत जाहीर केली. पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही ती स्वीकारली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एका संस्थेकडे सुपूर्त करण्यात आली. चिठ्ठीचा नमुना सर्वत्र एकच झाला, असे याचे वर्णन करता येईल.

प्रत्यक्ष व्यवहार पुढीलप्रमाणे होतो. कोणती टूल्स उपलब्ध आहेत, त्यांची नावे काय, कोणते टूल काय आणून देते आणि त्यासाठी त्याला काय सांगावे लागते, याची यादी सहायकापुढे ठेवलेली असते. ‘गेल्या आठवड्यात माझी झोप कशी होती?’ असे आपण विचारले, की सहायक झोपेच्या नोंदी आणणारे टूल निवडतो आणि त्यास आरंभीची व शेवटची तारीख देतो. टूल आपल्यापाशी असलेली परवानगीची किल्ली दाखवून उपकरणाच्या कंपनीकडे मागणी करते. तेथून तारखांसह आकडे येतात. ते वाचून सहायक साध्या भाषेत उत्तर रचतो. ही सर्व देवघेव काही सेकंदांत उरकते. सर्वच नोंदी कंपनीच्या संगणकावर असतात, असे मात्र नाही. ॲपलच्या नोंदी मुख्यतः फोनमध्येच राहतात. तेथे फोनमधील एखाद्या ॲपला परवानगी द्यावी लागते किंवा नोंदींची फाइल स्वतः बाहेर काढून द्यावी लागते.

कागद आला, पण तो वाचला कसा?

कर्मचाऱ्याने बरोबर कागद आणला आणि वाचणाऱ्याने तो चुकीचा वाचला, तर परिणाम व्हायचा तोच होतो. अशा चुकांचे तीन प्रकार नातेवाइकांनी अवश्य ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रकार गुण आणि मिनिटे यांच्या घोटाळ्याचा. ओरा अंगठीच्या झोपेच्या दैनिक गोषवाऱ्यात एकूण गुणांक असतो आणि त्याखाली गाढ झोप, एकूण झोप, झोप लागण्यास लागलेला वेळ अशा घटकांपुढेही आकडे असतात. हे सर्व आकडे शंभरपैकी गुण आहेत. गाढ झोपेपुढे ५७ असे आले, तर त्याचा अर्थ ५७ मिनिटे असा नव्हे. प्रत्यक्ष झोपेचा कालावधी निराळ्या ठिकाणी ठेवलेला असतो आणि तोही सेकंदांत. टूल करणाऱ्याने वर्णन मोघम लिहिले असेल, तर सहायक गुणांनाच मिनिटे समजून खात्रीच्या सुरात उत्तर देऊ शकतो. आणि घरातील मंडळी विनाकारण काळजीत पडतात.

दुसरा प्रकार कोऱ्या दिवसाचा. अंगठी चार्जिंगला लावली होती, हात धुताना काढून ठेवली होती किंवा फोनशी तिचा संपर्कच झाला नव्हता, तर त्या दिवसाची नोंद कोरी राहते. कोरी नोंद आणि शून्य यांत महदंतर आहे. नर्सने तापाच्या तक्त्यावर एक खूण केली नाही, म्हणून रुग्णाचा ताप शून्य झाला असे आपण म्हणत नाही. आठवड्याची सरासरी काढताना कोरे दिवस शून्य धरले गेले, तर झोप ‘निम्म्यावर’ यायला वेळ लागत नाही.

तिसरा प्रकार तारखेचा. मध्यरात्रीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली झोप कोणत्या दिवसाच्या नावे मांडायची? ओरा कंपनी ती जागे होण्याच्या दिवसाखाली मांडते; अन्यत्र निराळी रीत असू शकते. शिवाय काही संगणक ग्रिनिचच्या वेळेनुसार दिवस मोजतात. त्यांचा नवा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. मुलगा न्यू जर्सीत व आई साताऱ्यास असेल, तर त्याने रात्री आठ वाजता ‘आज’ म्हणून विचारले, तेव्हा आईकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ झालेली असते. म्हणून ‘आज’, ‘काल’ असे न म्हणता स्पष्ट तारीख सांगून विचारणे श्रेयस्कर.

मोजमापावर किती विसंबावे?

वाचन अचूक असले, तरी मूळ मोजमाप किती भरवशाचे, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ६० व्यक्तींवर सात मनगटी उपकरणांची परीक्षा घेतली. सातपैकी सहा उपकरणांनी नाडी बऱ्यापैकी अचूक मोजली. त्यांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. परंतु खर्च झालेल्या उष्मांकांच्या बाबतीत सर्वोत्तम उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट उपकरणाची चूक ९३ टक्क्यांपर्यंत गेली. एकाच पट्ट्यावरचा एक आकडा विश्वासार्ह आणि दुसरा केवळ अंदाज, अशी ही स्थिती आहे. झोपेच्या गाढ-हलक्या अवस्थाही उपकरण नाडी व हालचाल यांवरून अजमावते. त्यांची शास्त्रीय तपासणी मेंदूतील विद्युत्-लहरी टिपूनच करावी लागते.

लाभाचे उदाहरणही आहे. स्टॅनफर्डच्याच, नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत ४ लाख १९ हजार २९७ व्यक्ती सहभागी होत्या. घड्याळाने त्यांपैकी ०.५२ टक्के व्यक्तींना नाडी अनियमित असल्याची सूचना दिली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती तपासणीसाठी परत पाठवली, त्यांच्यातील ३४ टक्के जणांमध्ये ‘एट्रिअल फिब्रिलेशन’ हा हृदयाच्या लयीचा विकार आढळला. या विकारामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. घड्याळाची सूचना म्हणजे निदान नव्हे, पण ईसीजी काढून घेण्यास ते पुरेसे कारण आहे, हा यातून घ्यावयाचा बोध.

प्रकाशावर चालणाऱ्या मोजमापाला त्वचेच्या वर्णाचीही मर्यादा पडते. कोरोनाच्या साथीत घरोघरी पोहोचलेल्या पल्स ऑक्सिमीटरविषयी डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातील प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत उतरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवल्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. मधुमेहींसाठी आणखी एक इशारा महत्त्वाचा आहे. सुई न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. अशा आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरवणे जिवावर बेतू शकते. सहायकाने कितीही सुबक भाषेत मांडला, तरी चुकीचा आकडा बरोबर होत नाही.

नोंद म्हणजे उपचार नव्हे

हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती क्षीण झालेल्या रुग्णांमध्ये शरीरात पाणी साठू लागते. पाय सुजण्यापूर्वी किंवा धाप लागण्यापूर्वी बहुधा वजन वाढते. म्हणून अशा रुग्णास घरी सोडताना रोज सकाळी वजन करून वहीत लिहिण्यास सांगतात आणि तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढ झाल्यास कळवावयास सांगतात. दैनंदिन नोंदीचे याहून साधे व मोलाचे उदाहरण सांगता येणार नाही. त्यासाठी लागतो तो एक वजनकाटा आणि एक वही.

या नोंदी दुरून गोळा करण्याविषयी दोन मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेतील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,६५३ रुग्ण होते. त्यांतील निम्म्या रुग्णांनी रोज दूरध्वनीवरील स्वयंचलित यंत्रणेस आपले वजन व त्रास सांगायचा होता. कामाच्या दिवशी वैद्यकीय कर्मचारी ती उत्तरे पाहत. सहा महिन्यांनंतर पुन्हा दाखल होणे व मृत्यू या दोन्ही बाबतींत नेहमीचे उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत काहीही फरक दिसला नाही. यंत्रणेचा वापर कधीच सुरू न केलेले रुग्णही १४ टक्के होते.

जर्मनीतील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे दीड हजार रुग्ण होते. तेथेही वजन, रक्तदाब व ईसीजी रोज घरूनच पाठवले जात. परंतु दुसऱ्या टोकाला डॉक्टर व परिचारिका अहोरात्र उपस्थित असत. रुग्णास समजावणे, फोन करणे, गावातील डॉक्टरांशी बोलून औषध बदलणे हे सर्व त्या योजनेचे अंग होते. हृदयविकारासाठी अचानक दाखल होण्यामुळे किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस नेहमीच्या उपचारांत वर्षाला सरासरी २४.२ होते, या योजनेत ते १७.८ वर आले. मृत्यूंचे प्रमाणही घटले. दोन्ही चाचण्यांतील देश, काळ व रुग्ण भिन्न असल्याने एकाच कारणाकडे बोट दाखवणे योग्य होणार नाही. तथापि केवळ नोंदी गोळा झाल्याने रुग्ण वाचत नाही, ही गोष्ट पहिल्या चाचणीने दाखवून दिली. आणि नोंदीला तत्पर प्रतिसाद देणारी माणसे असतील, तर काय साधते, हे दुसरीने.

एआय सहायकाचे टूल हे नोंद आणून देणारे साधन आहे. ते अमेरिकन चाचणीतील दूरध्वनीहून कितीतरी चतुर आहे; परंतु रात्री दोन वाजता धाप लागलेल्या आजोबांना दाखल करून घेणारा हात त्याच्यापाशी नाही.

या नोंदी कोणाच्या?

रुग्णालयातील केसपेपर ही रुग्णाने आमच्या हाती दिलेली ठेव आहे, असे आम्ही मानतो. अंगठीतील नोंदीही तशाच. झोप, नाडी, मासिक पाळी, येणे-जाणे यांवरून माणसाच्या खासगी आयुष्याचे चित्र उभे राहते. टूलला दिलेली परवानगी ही वॉर्डात भेटीला येणाऱ्यांच्या पाससारखी असावी: ठरावीक खोलीपुरती, ठरावीक वेळेपुरती आणि परत घेता येणारी. ओऑथ नावाच्या पद्धतीत अशी मर्यादित परवानगी पासवर्ड न देता देता येते. झोपेविषयी विचारायचे असेल, तर केवळ झोपेच्या नोंदींची परवानगी द्यावी. अशी टूल्स कोणीही लिहून प्रसिद्ध करू शकतो, म्हणून ती कोणी केली आहेत, हे पाहणे अगत्याचे आहे. नोंदी सहायकाकडे गेल्या, की त्या त्याच्या कंपनीच्या संगणकावर पोहोचतात, हेही विसरू नये.

आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे. संमती स्वेच्छेने, विशिष्ट कारणासाठी आणि समजून दिलेली असावी व ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे असावे, हे त्याचे तत्त्व आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही रुग्णाच्या संमतीनेच कागदपत्रांची देवघेव होते, आणि नाडी, वजन, व्यायाम यांच्या नोंदींसाठी तेथे स्वतंत्र प्रकार ठरवलेला आहे.

कायद्यापलीकडचा एक मुद्दा घरातील आहे. आईची नोंद ही आईची आहे. मुलांनी प्रेमापोटी तिच्या बोटात अंगठी घातली, तरी कोणत्या नोंदी कोण पाहणार, हे तिला तिच्या भाषेत सांगून तिचा होकार घ्यावा. ‘आज पावले कमी का पडली?’ असा रोजचा जाब कोणासही जाचक वाटतो. चांगल्या गुणांकाच्या हव्यासापायी झोपच उडण्याच्या तक्रारीला तर संशोधकांनी २०१७ साली ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही दिले आहे.

नातेवाइकांसाठी काही सूचना

१. सहायकाचा अभिप्राय आणलात तरी हरकत नाही. मात्र त्यासोबत तारखांसह मूळ आकडेही आणावेत.

२. एका रात्रीच्या आकड्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांतील बदल अधिक बोलका असतो. उपकरण न वापरलेले दिवस वेगळे दाखवावेत.

३. आकड्यांशेजारी त्या दिवसाची हकीगत लिहावी: ताप, प्रवास, उपवास, नवे औषध.

४. सहायकाच्या सांगण्यावरून कोणतेही औषध सुरू, बंद वा कमी-जास्त करू नये.

५. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे, हात-पाय लुळा पडणे अशा वेळी उपकरण काय दाखवते, हे पाहत बसू नये. तत्काळ १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा अथवा जवळच्या रुग्णालयात जावे.

६. वापर थांबवल्यावर टूलला दिलेली परवानगी आठवणीने रद्द करावी.

हितचिंतकांस निवेदन

अशी उपकरणे रुग्णांनी विकत घ्यावीत, असा आग्रह रुग्णालय धरत नाही. ज्यांच्यापाशी ती आहेत, त्यांच्या नोंदी डॉक्टर आस्थेने पाहतील. मात्र दात्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वरील दोन चाचण्यांत आहे, असे आम्हांस वाटते. शंभर अंगठ्या वाटल्या आणि त्यांतील नोंदी पाहण्यास कोणी नसले, तर ते दान कपाटातच राहील. त्याउलट घरी सोडलेल्या रुग्णास एक साधा वजनकाटा, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, नोंदवही आणि फोन केल्यावर उत्तर देणारी एक प्रशिक्षित परिचारिका मिळाली, तर त्या दानाचा उपयोग रोज होईल. उद्या ही टूल्स अधिक अचूक व सुरक्षित झाली, तर त्या परिचारिकेचे काम ती हलके करतील आणि तेव्हा त्यांचे स्वागतच करावे लागेल. परंतु आधी परिचारिका, मग टूल, हा क्रम सुटू नये. आपल्या देणगीचा विनियोग सुचवताना त्याचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.

— वैद्यकीय अभिलेख विभाग